मोहाचे कोणते झाड सरस?

जंगलातले उत्तम झाड कोणते, असे वनखात्यातील अनुभवी माणसाला विचारले तर तो बहुधा उंच, सरळसोट, खालपर्यंत फांदी नसलेले झाड दाखवील. त्याच जंगलात पहाटे टोपली घेऊन मोहफुले वेचायला आलेल्या बाईला हाच प्रश्न विचारला तर तिचे बोट दुसऱ्याच झाडाकडे जाईल. ते झाड आखूड बुंध्याचे, घेरदार, चारी बाजूंनी फांद्या पसरलेले असेल. पहिल्याला लाकूड हवे आहे, दुसरीला फूल. झाड निवडण्याचे शास्त्र जगभर वाढले ते मुख्यतः पहिल्याच्या गरजेतून. दुसरीच्या गरजेकडे शास्त्राचे लक्ष फार उशिरा गेले. असे का झाले आणि आज त्याबाबत काय करता येईल, हे आपण मोहाच्या उदाहरणावरून पाहू.

फुलाची रचना

मोहाचे शास्त्रीय नाव मधुका लाँगिफोलिया. आपल्याकडील रुंद पानांच्या मोहाला त्याचाच 'लॅटिफोलिया' हा प्रकार मानतात. चिकू ज्या कुळातला, त्याच कुळातला हा वृक्ष. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पाने गळतात आणि उघड्या फांद्यांच्या टोकांशी फुलांचे घोस लटकू लागतात. फुलाच्या पाकळ्या एकमेकींना जोडून एक मांसल, फिकट पिवळसर, रसाने भरलेली लहानशी कुपी तयार झालेली असते. ही कुपी रात्री उशिरा ते सकाळपर्यंत जमिनीवर गळते. आपण जिला मोहफूल म्हणतो ती ही कुपीच. वाळलेल्या मोहफुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा साखरेचा असतो.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवण्यासारखी आहे. गळलेले फूल उभे चिरले तर आतल्या बाजूस पुंकेसर चिकटलेले दिसतात, पण बीजांडकोश दिसत नाही. तो लांब कुक्षिवृंतासह झाडावरच राहिलेला असतो. परागण झाले असेल तर त्याचे पुढे फळ होते आणि पावसाळ्याच्या तोंडाशी बिया मिळतात. या बियांना टोळंबी किंवा टोरी म्हणतात आणि त्यांचे तेल काढतात. म्हणजे गळलेली फुले वेचल्याने फळ कमी होत नाही. एकच झाड वर्षात दोन पिके देते, एक साखरेचे आणि दुसरे तेलाचे.

मोहफुलांवर वटवाघळे येतात, अस्वले येतात, हरणे येतात. माणूसही फार पूर्वीपासून येत आला आहे. भाजून, शिजवून, पिठात मिसळून, वाळवून साठवून आणि अर्थातच दारू गाळून मोहफूल वापरले गेले. दुष्काळात तर ते अन्नच असे. पीक बुडाले तरी खोल मुळांचा मोह बहुधा फुलत असे.

न कळत झालेली निवड

विदर्भात, नंदुरबारकडे, ठाणे-पालघरच्या डोंगरपट्ट्यात, तसेच छत्तीसगड, मध्य प्रदेश, झारखंड येथेही शेताच्या बांधावर किंवा भर शेतात मोहाची जुनी झाडे दिसतात. ती बहुतेक कुणी लावलेली नाहीत. जंगल तोडून शेत काढताना इतर झाडे गेली आणि मोह राखला गेला. झाड राखताना माणूस साहजिकच भरपूर फुलणारे राखील आणि कमी फुलणाऱ्यावर कुऱ्हाड चालवील. अशी तोड आणि अशी राखण अनेक पिढ्या चालली म्हणजे ती एक प्रकारची निवडच होते. मात्र ती अर्धीच निवड आहे. राखलेल्या झाडाचे बी निवडून पुन्हा पेरले गेले असते, तर निवडीचे फळ पुढच्या पिढीत साठत गेले असते. आंब्याबाबत तसे झाले; त्याच्या कलमांनी जाती टिकल्या. मोह मात्र आपोआप उगवणारे झाड म्हणूनच राहिला.

तरीही झाडाझाडांतला फरक लोकांना नेमका ठाऊक असतो. कोणते झाड लवकर फुलते, कोणते उशिरा, कोणाची फुले जाड आणि गोड, कोणाची पातळ, कोणते झाड एका वर्षाआड हात आखडते, हे सारे वेचणारी माणसे सांगू शकतात. अनेक गावांत कोणत्या झाडाखाली कोणत्या घराने वेचायचे हे रूढीने ठरलेले असते. एकाच घराने एकच झाड वर्षानुवर्षे पाहिलेले असले म्हणजे त्या झाडाची अलिखित नोंदवहीच तयार होते.

लिखित नोंदीही जुन्या आहेत. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने 'एशियाटिक रिसर्चेस' या ग्रंथमालेचा पहिला खंड १७८८ साली काढला. त्यात लेफ्टनंट चार्ल्स हॅमिल्टन याने मोहाच्या झाडाचे वर्णन केले आहे. पडीक, खडकाळ जमिनीतही वाढून अन्न देणारे झाड म्हणून त्याने मोहाकडे लक्ष वेधले. या झाडाची लागवड करावी, हा विचार तेव्हापासूनचा आहे. पण पुढील शंभर-दीडशे वर्षांत सरकारने मोहाकडे पाहिले ते वेगळ्याच नजरेने.

कायद्यातला मोह

मुंबई इलाख्यात १८७८ साली अबकारी कायदा झाला. घरोघरी दारू गाळण्याला आळा घालून ती मोजक्या भट्ट्यांत गाळावी आणि त्यावर कर मिळावा, हा त्याचा हेतू होता. पण कच्चा माल रानात फुकट गळत असताना भट्टीवर पहारा ठेवून काय उपयोग? म्हणून मग फुलावरच नियंत्रण आले. १८९२ साली मुंबई इलाख्यात खास मोहफुलांविषयी कायदा झाला. तो 'म्हौरा ॲक्ट' या नावाने ओळखला जातो. अन्न म्हणून फूल साठवणाऱ्या माणसालाही आता संशयिताच्या जागी उभे राहावे लागले.

दुसरीकडे वनकायदा होता. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात 'वनोपज' या शब्दाची व्याख्या आहे. लाकूड, कोळसा, कात, राळ, लाख यांच्या यादीत मोहाची फुले आणि मोहाच्या बिया यांची नावे घालून नोंद आहे. आणि त्या जंगलात सापडोत वा बाहेर, त्यांना वनोपजच मानावे असे म्हटले आहे. म्हणजे बांधावरच्या मोहाचे फूलही कायद्याने वनोपज ठरले.

या कायद्यांची चर्चा आपण येथे एवढ्यासाठीच करतो की, त्यांचा शास्त्रावर परिणाम झाला. जे पीक कराचे आणि गुन्ह्याचे साधन म्हणून ओळखले जाते, त्याचे उत्पादन वाढवण्याचे संशोधन कोण करील? मोह तोडू नये, असे नियम वनखात्याने अनेक ठिकाणी केले आणि ते उपयोगी पडले. पण कोणता मोह अधिक फुलतो, हे मोजण्याचे काम वनखात्याचे ठरले नाही.

'प्लस ट्री'ची कल्पना

आता थोडे दूर, युरोपात जाऊ. कारण झाड निवडण्याचे शास्त्र तेथे आकारास आले. फ्रान्समध्ये फिलिप आंद्रे द व्हिल्मोरॅं याने १८२० च्या दशकापासून ले बार येथील आपल्या जमिनीवर स्कॉट्स पाइन या सूचिपर्णी वृक्षाचे वेगवेगळ्या प्रदेशांतले बी शेजारी शेजारी लावले. माती तीच, हवा तीच. तरी काही प्रदेशांच्या बियांची झाडे सरळ वाढली आणि काहींची वेडीवाकडी. झाडाचा बांधा नुसता जमिनीवर अवलंबून नसून तो वंशातूनही येतो, हे या प्रयोगाने डोळ्यांना दिसले.

विसाव्या शतकात डेन्मार्कच्या सिराक लार्सेन याने पुढचे पाऊल टाकले. जंगलातील सर्वांत उत्तम झाडे हेरायची, त्यांच्या फांद्यांची कलमे करायची, ती कलमे एका जागी लावायची आणि त्यांच्यातच परागण होऊ देऊन बी घ्यायचे, अशी ही पद्धत. अशा बागेला बीजोद्यान म्हणतात आणि हेरलेल्या झाडाला 'प्लस ट्री', म्हणजे सरस झाड. १९४० च्या दशकापासून स्वीडनने ही पद्धत मोठ्या प्रमाणावर उचलली. अमेरिकेत ब्रूस झोबेल यांनी १९५१ साली टेक्सासमध्ये आणि १९५६ पासून नॉर्थ कॅरोलायनात पाइनच्या निवडीचे काम संघटित केले.

भारतात या कामाचा पहिला मान सागाला मिळाला. १९६२ साली 'इंडियन फॉरेस्टर' मासिकात एस. केदारनाथ आणि जे. डी. मॅथ्यूज यांनी निवड आणि संकर यांद्वारे साग सुधारण्याविषयी लेख लिहिला. पुढे अनेक राज्यांत सागाची सरस झाडे निवडून त्यांची बीजोद्याने लावली गेली.

आणि येथेच फुलाचा प्रश्न आडवा आला. सागाचा फुलोरा शेंड्यावर येतो. शेंड्यावर एकदा फुलोरा आला की तो शेंडा वाढायचा थांबतो. त्याखालचे समोरासमोरचे दोन डोळे फुटतात आणि खोड दुभंगते. म्हणून लहान वयात फुलणारा साग लाकडाच्या दृष्टीने वाईट, आणि उशिरा फुलणारा चांगला. कारण त्याचा सरळ बुंधा लांब राहतो. निवड करणाऱ्यांनी लांब सरळ बुंध्याची झाडे निवडली, म्हणजे न कळत उशिरा फुलणारी झाडेच निवडली. मग सागाच्या बीजोद्यानांत फुले आणि बी कमी येते, अशी तक्रार वारंवार होऊ लागली. त्याला हवामान, परागण करणारे कीटक, कलमांचे वय अशी इतरही कारणे आहेत. पण मूळ निवडीत फुलाचा विचार नव्हता, हे त्यातले एक महत्त्वाचे कारण.

या उदाहरणातून एक सर्वसाधारण धडा मिळतो. 'सरस' हा शब्द एकटा कधीच पुरा नसतो. कशासाठी सरस, हे आधी ठरवावे लागते. सागाची कसोटी मोहाला लावली तर आपण नेमकी कमी फांद्यांची, म्हणून कमी फुलांची झाडे निवडू. मोहाचा फुलोरा फांद्यांच्या टोकांशी येतो. जितकी टोके अधिक आणि जितके ऊन त्यांवर अधिक, तितका फुलोरा अधिक.

मोजायचे कसे?

समजा, आपल्या गावच्या शिवारात मोहाची पन्नास झाडे आहेत. त्यातले एक हंगामात शंभर किलो फुले देते आणि सर्वांची सरासरी चाळीस किलो आहे. शंभर किलोचे झाड सरस मानावे काय? लगेच मानू नये. त्याआधी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला, झाड कोठे उभे आहे? बांधावर एकट्या वाढलेल्या झाडाला चारी बाजूंनी ऊन मिळते आणि शेताचे खतही मिळते. दाट जंगलातल्या झाडाला ते मिळत नाही. म्हणून तुलना सारख्या जागेतल्या, सारख्या वयाच्या झाडांशी करावी. शक्य तर घेराचा विस्तार मोजून दर चौरस मीटर घेरामागे किती फूल पडते ते काढावे. असे केल्यावर पुष्कळदा 'मोठे' झाड आणि 'सरस' झाड ही दोन वेगळी झाडे निघतात.

दुसरा, हे किती वर्षांचे मोजमाप? आंब्याप्रमाणे मोहही दर वर्षी सारखा फुलत नाही. फुलोऱ्याच्या दिवसांत ढग, पाऊस वा वारा आला तर पीक घटते. एका वर्षाच्या आकड्यावर विसंबू नये. निदान तीन-चार हंगाम पाहावेत.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, हा गुण वंशातून आला आहे काय? आपल्याला दिसते ते झाडाचे बाह्यरूप. त्यात वंशाचा वाटा असतो आणि परिस्थितीचाही. एकूण फरकापैकी किती भाग पुढच्या पिढीकडे जातो त्याला आनुवंशिकतेचे प्रमाण म्हणतात. वरच्या उदाहरणात निवडलेले झाड सरासरीपेक्षा साठ किलोंनी वरचढ आहे. फुलांच्या उत्पन्नाबाबत हे प्रमाण एकपंचमांश धरले आणि आई-बाप दोन्ही झाडे अशीच निवडलेली असली, तर त्यांच्या बियांपासून वाढलेल्या झाडांची सरासरी साठाच्या एकपंचमांशाने, म्हणजे बारा किलोंनी वाढून बावन्न होईल. शंभर होणार नाही. (हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.) आई-बाप उत्कृष्ट असूनही मुले सरासरीकडे का झुकतात, हे वर्गात समजावण्यासाठी हे गणित चांगले आहे. परागण आजूबाजूच्या कोणत्याही झाडाकडून होत असेल तर बाप अनिवडलेला राहतो आणि लाभ आणखी निम्म्यावर, सहा किलोंवर येतो.

कलमाचा मार्ग

बियांचा मार्ग मोहाच्या बाबतीत लांबचाही आहे. मोहाचे बी फार दिवस टिकत नाही. काही आठवड्यांतच त्याची उगवणशक्ती जाते, म्हणून ते ताजेच पेरावे लागते. बियांपासून झालेल्या झाडाला फुलू लागायला साधारणपणे दहा वर्षे किंवा अधिक लागतात. पेरणारा माणूस फुले वेचायला असेलच असे नाही. मोहाची लागवड मागे पडण्याचे हेही एक कारण आहे.

कलमाने यातल्या बऱ्याच अडचणी दूर होतात. कलमात आईच्या झाडाचा संपूर्ण वंशगुण जसाच्या तसा येतो. परक्या परागाची भेसळ होत नाही. शिवाय प्रौढ झाडाची काडी असल्याने कलम लवकर फुलते. गुजरातमधील गोध्रा येथील केंद्रीय उद्यानविद्या प्रयोग केंद्रात मोहावर मृदुकाष्ठ कलम यशस्वी झाले आहे. तेथे निवडलेल्या एका मोहाला 'थार मधु' असे नाव देऊन त्याची जात म्हणून शिफारस केलेली आहे. उत्तर प्रदेशातील फैजाबादच्या कृषी विद्यापीठानेही मोहाच्या काही निवडी केल्या. हॅमिल्टनच्या लेखापासून मोजले तर मोहाची जात ठरायला दोनशेहून अधिक वर्षे लागली.

येथे एक सावधगिरी हवी. एकाच सरस झाडाची हजारो कलमे करून सगळीकडे लावणे धोक्याचे आहे. मोहात बहुतांशी परपरागण होते. सारी कलमे एकाच झाडाची असली तर फुले गळतील, पण फळ नीट धरणार नाही. साखरेचे पीक मिळेल आणि तेलाचे बुडेल. एखादी कीड वा रोग आला तर सारी झाडे सारखीच बळी पडतील. म्हणून निवड करताना लवकर, मध्यम आणि उशिरा फुलणारी अशी अनेक झाडे घ्यावीत. वेगवेगळ्या वेळी फुलणारी झाडे असली तर अवकाळी पावसाच्या एका फटक्याने सारा हंगाम जात नाही, आणि वेचणाऱ्यांना कामही अधिक दिवस पुरते.

वेळ थोडा का आहे

या साऱ्याची घाई करण्याला कारण आहे. मोहाखालचे फूल नीट दिसावे म्हणून फुलोऱ्याआधी झाडाखालचा पाला जाळण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. त्यात मोहाची रोपेही जळतात आणि कधी आग जंगलात पसरते. उरलेल्या बिया तेलासाठी वेचल्या जातात. जे रोप वाचते ते गुरे खातात. परिणामी बांधावर म्हातारी झाडे आहेत आणि त्यांच्याखाली तरुण झाडे जवळजवळ नाहीत. एखादे सरस झाड वाऱ्याने पडले तर त्याबरोबर अनेक पिढ्यांच्या राखणीचे फळ जाते. पाला जाळण्याऐवजी झाडाखाली जाळी अंथरण्याचा उपाय काही राज्यांत सुरू झाला आहे. फूल स्वच्छ मिळते आणि रोपे वाचतात.

कायद्याची बाजूही बदलली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क वननिवासींना दिला. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने मोहफुलांवरचे जुने निर्बंध सैल केले. फूल आता संशयाची वस्तू न राहता पीक होऊ शकते. मग त्याची चांगली झाडे कोणती, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

आणि हा प्रश्न विचारण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मोहाच्या पट्ट्यातील शाळांना तो सहज घेता येईल. विद्यार्थ्यांनी आधी घरातल्या आजी-आजोबांना विचारून गावातली नावाजलेली पाच झाडे लिहून काढावीत. त्यांच्याजवळची तशाच जागेतली पाच साधी झाडे तुलनेसाठी घ्यावीत. प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा, बुंध्याचा घेर आणि सावलीचा व्यास मोजावा. फुले पडू लागल्याची आणि संपल्याची तारीख लिहावी. आठवड्यातून एक दिवस, वेचणाऱ्या घराच्या संमतीने, त्या झाडाखालची ताजी फुले वजन करून नोंदवावीत. वाळल्यावर वजन बरेच घटते, म्हणून ताजे की वाळलेले हे प्रत्येक आकड्यापुढे लिहायलाच हवे. सातवीच्या वर्गाने सुरू केलेली वही दहावीपर्यंत चालली तर तीन-चार हंगामांची माहिती हाती येते. आजीने सांगितलेले झाड वजनकाट्यावरही पहिले येते का, हे तेव्हा कळेल. जी झाडे दोन्ही परीक्षांत उतरतील, त्यांच्या कलमकाड्या घ्यायला कृषी विद्यापीठाच्या किंवा वनखात्याच्या रोपवाटिकेतील माणसांना शाळेनेच बोलवावे.